कापसाच्या वाटेवरची दोन स्टेशने

श्रोतेहो, स्टेशन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? एक फलाट, एक घंटा, तिकिटाची खिडकी, पाण्याचा नळ, आणि फलाटाच्या टोकाला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलेले गावाचे नाव. गाडी येणे बंद झाले की यातले एकेक जाते. आधी घंटा जाते, मग खिडकी बंद होते, मग नळ कोरडा पडतो. पाटी मात्र पुष्कळ दिवस टिकते.

आज अशाच बंद पडलेल्या दोन स्टेशनांविषयी बोलायचे आहे. एक आहे आपल्या घराशेजारचे, दारव्हा तालुक्यातले. बोरी अरब, लाडखेड या भागातल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. दुसरे आहे येथून सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर, मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला. ही दोन्ही स्टेशने एकाच मालाच्या दोन टोकांना होती, आणि तो माल म्हणजे आपला कापूस.

थोडे मागे जाऊ. 1853 साली दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षी निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला, आणि त्याच वर्षी 16 एप्रिलला मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. (आपल्या गावाच्या नावातही बोरी आहे आणि त्या बंदराच्या नावातही बोरी आहे, पण एवढ्यावरून नाते जोडू नये!) पुढे 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला, आणि गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाडची काळी माती एकाएकी साऱ्या व्यापाऱ्यांना ठाऊक झाली. जी. आय. पी. कंपनीचा लोहमार्ग घाट चढून, भुसावळ, अकोला, बडनेरा करीत 1867 साली नागपूरला पोचला.

आता एक गंमत बघा. हा मोठा मार्ग वऱ्हाडातून गेला खरा, पण कापसाच्या मोठ्या बाजारपेठांना तो नेमका बगल देऊन गेला. खामगाव आठ मैल बाजूला राहिले, अमरावती सहा मैल बाजूला राहिली. म्हणून सरकारने लगोलग दोन आखूड फाटे काढले. जलंब ते खामगाव हा 1870 साली झाला, आणि बडनेरा ते अमरावती हा 1871 साली. एवढ्याशा अंतरासाठी रूळ टाकावेसे वाटले, यावरून कापसाचे वजन किती होते ते समजते. वजन म्हणजे तराजूतले नव्हे, हिशेबातले.

यवतमाळकडे मात्र गाडी वळली नाही. या जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नाव 1905 साली पडले. यवतमाळचा कापूस बंड्यांत भरून धामणगावच्या स्टेशनावर न्यावा लागे. ते अंतर एकोणतीस मैल, म्हणजे आजचे सुमारे सेहेचाळीस किलोमीटर. ज्याने भरल्या बंडीमागे बैल हाकले आहेत त्याला एकोणतीस मैल म्हणजे काय हे सांगायला नको. शिवाय कापूस निघतो तो दिवाळीच्या पुढे, आणि नेमकी त्याच वेळी रब्बीची कामे असतात. बैल वाटेवर आणि माणूसही वाटेवर, मग शेतात कोण?

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीने यातली संधी हेरली. 1910 मध्ये तिने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी नावाची कंपनी उभी केली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर आणि तेथून वर अचलपूर असा सलग मार्ग झाला. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर. याच कंपनीचा तिसरा लहान मार्ग वर्धा जिल्ह्यात पुलगाव ते आर्वी असा होता, 35 किलोमीटरांचा. मार्ग कंपनीचा, गाड्या चालवायच्या जी. आय. पी. रेल्वेने, आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला द्यायचा, असा हा करार. हा करार नीट ध्यानात ठेवा. पुढे त्याचाच काटा पायात रुतला.

हाच तो मार्ग ज्याला लोकांनी शकुंतला म्हटले. हे नाव कुठल्या कागदावरून आलेले नाही, लोकांच्या तोंडून आलेले आहे. आगगाडीला माहेरच्या मुलीसारखी हाक मारावी, असे प्रेम फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला येते.

शिक्षकबंधूंना येथे एक गोष्ट फळ्यावर काढून दाखवता येईल. दोन रुळांमधल्या अंतराला गेज म्हणतात. मुंबई-नागपूर मार्गाचे गेज साडेपाच फूट, म्हणजे 1676 मिलिमीटर. शकुंतलेचे गेज अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. निम्म्याहूनही कमी! अरुंद गेज कशासाठी घेतले? कारण खर्च वाचतो. रूळ हलके चालतात, भराव कमी लागतो, पूल लहान होतात, आणि वळण जवळून घेता येते, म्हणून टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनियराने सोलापूर जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वे याच अडीच फुटी गेजवर बांधून 1897 साली सुरू करून दाखवली होती. थोड्या पैशांत, थोड्या वस्तीच्या मुलखातही गाडी चालू शकते, हे त्याने सिद्ध केले.

पण स्वस्ताची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. अडीच फुटी डबा साडेपाच फुटी रुळावर चढत नाही. म्हणून मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. कापूस जिनात गेला की सरकी वेगळी आणि रुई वेगळी होते. शंभर किलो कापसातून रुई निघते ती साधारण तिसरा हिस्सा. ती रुई प्रेसमध्ये दाबली की गाठ होते, आणि त्या काळच्या गाठीचे वजन सुमारे चारशे पौंड भरे. अशी प्रत्येक गाठ माणसांच्या हातांनी हलवायची. मूर्तिजापूरच्या फलाटावर हमालांच्या किती पिढ्या यावर जगल्या असतील! अरुंद गेजने बांधणीत वाचवलेला पैसा असा हळूहळू हमालीत, वेळात आणि फाटलेल्या बारदानात जात राहिला.

मूर्तिजापूरहून गाठी मुंबईला जात. आणि येथे आपले दुसरे स्टेशन येते.

मुंबईचा कापूसबाजार पूर्वी किल्ल्यातल्या मोकळ्या मैदानावर भरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो कुलाब्याला हलवला. कुलाबा हे तेव्हा मुंबईच्या दक्षिणेचे वेगळे बेट. 1838 साली बांधलेल्या रस्त्याने ते शहराला जोडले गेले होते. तेथे कापसाच्या वखारी उभ्या राहिल्या, गाठींच्या राशी उघड्यावर पडू लागल्या, आणि त्या जागेला कॉटन ग्रीन हे नाव पडले. दलाल गाठीतून चिमूटभर रुई ओढायचा, बोटांनी तंतूची लांबी बघायचा, आणि भाव बोलायचा. बोरी अरबच्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामाची किंमत अशी तिकडे, दोन बोटांच्या चिमटीत ठरत असे.

गुजरातेतून येणाऱ्या बी. बी. सी. आय. रेल्वेने आपला मार्ग समुद्राच्या काठाकाठाने दक्षिणेकडे वाढवीत नेला. ग्रँट रोडला गाडी 1864 साली आली, चर्चगेटचे स्टेशन 1870 साली झाले, आणि 1873 साली ती कुलाब्याला पोचली. कापूसबाजाराच्या अगदी उंबऱ्याशी! 1896 मध्ये तेथे नवे मोठे स्टेशन बांधले. भडोच, सुरतेकडचा कापूस थेट तेथवर येई. आपला वऱ्हाडचा कापूस जी. आय. पी.च्या मार्गाने येत असल्यामुळे तो वाडीबंदरच्या बाजूला उतरे, आणि तेथून शहर ओलांडून बाजारात न्यावा लागे. येथे धामणगावची बंडी होती, तेथे मुंबईचा खटारा. शेवटची वाट बैलांचीच.

कुलाब्याचे स्टेशन हे नुसते कापसाचे नव्हते. ते उपनगरी गाड्यांचे शेवटचे स्टेशन होते. उपनगरी म्हणजे काय? जेथे माणूस राहतो एका गावी, काम करतो दुसऱ्या गावी, आणि रोज सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो, अशा माणसांसाठी जी गाडी चालते ती उपनगरी. विरारहून मुंबईला अशी नेमाची गाडी 1867 सालीच सुरू झाली होती. पुढे वांद्रे, अंधेरी, बोरिवलीचे कारकून, शिक्षक, पेढीवरचे मुनीम याच गाड्यांनी किल्ल्यात आणि कुलाब्याला येऊ लागले. 5 जानेवारी 1928 रोजी कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. धूर गेला, वेग आला.

आणि गंमत बघा, तीनच वर्षांत ते स्टेशन बंद झाले! विजेवर एवढा खर्च करून, आणि बंद! कारण असे की मुंबई सरकारने पश्चिमेच्या बॅकबे भागात समुद्र हटवून नवी जमीन करण्याची योजना हाती घेतली होती, आणि चर्चगेटच्या दक्षिणेला रेल्वेने अडवलेली लांबलचक पट्टी त्या आखणीत बसेना. कापूसबाजारही 1920 नंतरच्या दशकात कुलाबा सोडून शिवडीकडे गेला. तेथे बंदराच्या आगगाडीचे रूळ थेट वखारींपर्यंत येत होते, म्हणून वऱ्हाडच्या गाठींची शहरातली फरफट कमी झाली. आजही मुंबईत कॉटन ग्रीन या नावाचे स्टेशन आहे ते शिवडीच्या शेजारी, कुलाब्याला नव्हे. बाजार हलला, पण नाव बरोबर घेऊन गेला.

बी. बी. सी. आय.ने लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल हे नवे स्टेशन बांधले. ते 18 डिसेंबर 1930 रोजी उघडले. उपनगरी गाड्या चर्चगेटला थांबू लागल्या. 31 डिसेंबर 1930 रोजी कुलाब्याचे स्टेशन कायमचे बंद झाले. आज त्या जागेवर बधवार पार्क नावाची रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. तेथे कधी रूळ होते हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

पण त्यामुळे कोणाचे अडले का? फारसे नाही. कुलाब्याच्या माणसाला चर्चगेटपर्यंत थोडे चालावे लागले, किंवा ट्राम घ्यावी लागली. नवे स्टेशन आधी उघडले, जुने नंतर बंद केले. तेरा दिवसांचे अंतर. मला या तेरा दिवसांचे मोल फार वाटते. का ते आता सांगतो.

आपल्या शकुंतलेकडे परत येऊ. लोकांत असे बोलले जाते की हा मार्ग इंग्रजांनी आपला कापूस मँचेस्टरला नेण्यासाठी बांधला. अर्धे खरे आहे. हेतू कापसाचाच होता, यात शंका नाही. पण वऱ्हाडच्या कापसाचा तंतू आखूड, आणि मँचेस्टरच्या यंत्रांना लांब तंतूचा अमेरिकन कापूस आवडे. अमेरिकेतले युद्ध 1865 साली संपताच ते गिऱ्हाईक पुष्कळसे परतले. शकुंतला सुरू झाली तेव्हा आपल्याकडच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान होते, आणि त्याखेरीज मुंबई-नागपूरच्या आपल्याच गिरण्या. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी 1877 च्या पहिल्या दिवशी सुरू केली होती. मँचेस्टरशी शकुंतलेचे खरे नाते कापसाचे कमी आणि इंजिनाचे जास्त. 1921 साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन 1923 पासून या मार्गावर धावू लागले, आणि ते थेट 15 एप्रिल 1994 पर्यंत धावत राहिले. सत्तर वर्षांहून अधिक! मग डिझेल आले.

तोवर या मार्गाचा धंदा बदलला होता. कापूस मोटारीवर गेला. ट्रक जिनाच्या दारातून निघतो तो गिरणीच्या दारात थांबतो, त्याला मूर्तिजापूरची अदलाबदल नको. शकुंतलेत उरली ती माणसे. दारव्ह्याच्या बाजाराला जाणारी, कारंज्याच्या दवाखान्यात जाणारी, टोपलीत भाजी, पिशवीत भाकरी घेतलेली. एसटीच्या मानाने भाडे फारच कमी, म्हणून ज्याच्या खिशात दोन पैसे कमी तो गाडीची वाट पाही. वेग म्हणाल तर ताशी वीसेक किलोमीटर. मधल्या लहान स्टेशनांवर माणूस नेमलेला नसे, तेव्हा गार्डच खाली उतरून तिकिटे देई. रस्त्याच्या फाटकापाशी गाडी थांबायची, गाडीचाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जायची, मग तो फाटक उघडून परत डब्यात चढायचा. हसू येते ना? पण या गाडीला मुंबईच्या लोकलशी तोलून बघा. माणूस राहतो एका गावी, काम दुसऱ्या गावी, सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. मग आमची शकुंतला ही दारव्हा, लाडखेडची उपनगरी गाडीच नव्हती काय? कागदावर तिला तसे कोणी म्हटले नाही, एवढेच.

आता तो करार. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे कंपन्या सरकारजमा झाल्या. 5 नोव्हेंबर 1951 रोजी जी. आय. पी. व इतर मिळून मध्य रेल्वे झाली. बार्शी लाइट रेल्वे सरकारने 1954 साली विकत घेतली. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस कंपनीचे मार्ग मात्र तसेच राहिले. मालकी कंपनीची, गाडी मध्य रेल्वेची, आणि कराराप्रमाणे कंपनीला पैसे. किलिक निक्सन पुढे भारतीय मालकांकडे आली, तरी करार तोच. काही लोक याला गुलामीची शेवटची निशाणी म्हणतात आणि चिडतात. मला चिडण्यासारखे वाटते ते दुसरेच. ज्याचा मार्ग आहे तो गाडी चालवीत नाही, आणि जो गाडी चालवतो त्याचा मार्ग नाही. मग रूळ बदलायचे कोणी, पूल दुरुस्त करायचे कोणी? बटईच्या शेतात विहीर कोण खोदणार, हा प्रश्न आपल्या माणसाला चांगला कळतो. दोघेही दुसऱ्याकडे बघत राहतात, आणि पीक वाळते.

बार्शीच्या मार्गाचे काय झाले ते याच्या शेजारी ठेवून बघा. गेज तेच, काळ साधारण तोच. पण तो मार्ग सरकारचा झाला, आणि पुढे त्याचे रुंदीकरण झाले. आज कुर्डुवाडीहून मिरजेला आणि लातूरला मोठी गाडी जाते. बार्शीचा माणूस मुंबईला जाताना डबा बदलत नाही. शकुंतलेच्या रुळांचे आयुष्य मात्र ओढीत ताणीत संपवले गेले, आणि 2010 ते 2020 या दशकात गाड्या थांबल्या. 2016 साली रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात या मार्गाच्या रुंदीकरणासाठी सुमारे 1500 कोटी रुपयांची घोषणा झाली. घोषणेवरून गाडी धावत नाही, हे दारव्ह्याच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसाला सांगायला नको. कुलाब्याला तेरा दिवस आधी नवे स्टेशन उघडले होते. येथे जुने बंद झाले, आणि नवे अजून यायचे आहे.

एक आशेची गोष्ट आहे, ती सांगितली पाहिजे. वर्ध्याहून यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद करीत नांदेडला जाणारा नवा रुंद मार्ग बांधला जात आहे, सुमारे 284 किलोमीटरांचा. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. हा मार्ग पुरा झाला की दारव्हा पुन्हा रेल्वेच्या नकाशावर येईल, आणि यवतमाळहून धामणगावला जाणारी ती जुनी एकोणतीस मैलांची वाट खरोखरीच इतिहासजमा होईल. पण हा मार्ग पूर्व-पश्चिम जोडण्याकरता नाही, तो दक्षिणेकडे जातो. कारंज्याच्या आणि मधल्या लहान गावांच्या माणसाला मूर्तिजापूरचा मार्गच हवा आहे. एक मार्ग आला म्हणून दुसऱ्याची गरज सरत नाही. हे बोलून ठेवले पाहिजे, कारण नवी गाडी आली की ज्याच्या दारात ती येत नाही त्याचा विसर पडतो.

शिक्षकांसाठी जाता जाता एक सुचवतो. तुमच्या गावाजवळ शकुंतलेचे रूळ कोठे दिसत असतील, तर मुलांना एकदा तेथे न्या आणि फूटपट्टी लावून गेज मोजायला सांगा. अडीच फूट भरतात का ते त्यांना स्वतः पाहू द्या. रुळाच्या अंगावर पुष्कळदा तो बनवणाऱ्या कारखान्याचे नाव आणि साल उठावदार अक्षरांत असते. धूळ पुसून ते वाचता येते का बघा. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, गाडी किती वाजता यायची, तिकीट केवढ्याला होते, कोणत्या दिवशी गर्दी असायची, शेवटची गाडी कोणी पाहिली. उत्तरे वहीत उतरून घ्या, सांगणाऱ्याचे वय आणि तारीख खाली घाला. मुंबईच्या कुलाबा स्टेशनाच्या तारखा पुस्तकांत सापडतात. दारव्हा मोतीबागच्या फलाटावरून रोज कोण चढत होते, हे अजून कोणत्याही पुस्तकात नाही, आणि ते सांगू शकणारी माणसे आज गावात आहेत.